‘फुल्ल’ एवढीच परवानगी: विंडोज गॅजेटच्या मॅनिफेस्ट फाइलचा प्रकरण अभ्यास

विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली, तेव्हा पडद्याच्या उजव्या कडेला एक नवी पट्टी दिसू लागली: साइडबार. तिच्यात गॅजेट, म्हणजे एकेकच काम करणारे छोटे प्रोग्रॅम, बसवता यायचे. संगणक पहिल्यांदा सुरू केला की तिच्यात घड्याळ, फोटोंचा स्लाइड शो आणि बातम्यांचे मथळे दाखवणारं गॅजेट आपोआप बसलेलं असायचं. साडेपाच वर्षंही झाली नाहीत, तोच १० जुलै २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सूचना २७१९६६२ काढली आणि ही सगळी सोय एका क्लिकमध्ये बंद करण्याचं साधन लोकांच्या हाती दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आली. तिच्यात गॅजेट नव्हतीच.

या शेवटाचं कारण सहसा ‘हॅकिंगचा धोका’ एवढ्या दोन शब्दांत सांगून मोकळे होतात. ते चूक नाही, पण त्यातून विजेट (गॅजेटसारख्या छोट्या प्रोग्रॅमचं सर्वसाधारण नाव) बनवणाऱ्याला शिकण्यासारखं काही मिळत नाही. धोका नेमका कुठून आत आला याचा माग काढत गेलं की आपण गॅजेटची माहिती देणाऱ्या एका वीस-पंचवीस ओळींच्या एक्सएमएल फाइलपाशी, म्हणजे मॅनिफेस्टपाशी, पोचतो आणि तिच्यातल्या एका टॅगवर, म्हणजे कोनी कंसांत लिहिलेल्या एका खुणेवर, थांबतो. हा अभ्यास त्या टॅगचा आहे.

पाकिटात काय असायचं

गॅजेटच्या फाइलचं एक्स्टेन्शन ‘डॉट गॅजेट’ असलं तरी आतून ती साधी झिप फाइल असायची. कॅबिनेट या मायक्रोसॉफ्टच्या झिपसारख्याच प्रकारातही ती बांधता यायची, आणि डिजिटल सही जोडायची असेल तर तोच मार्ग होता. बहुतेक हौशी मंडळी झिपच वापरायची. एक्स्टेन्शन बदललं की कुणालाही ती उघडून आत पाहता यायचं. डेस्कटॉप विजेट कसं बांधलेलं असतं हे नव्या माणसाला समजावताना मी अजूनही एखादं जुनं गॅजेट असंच उघडून दाखवतो, कारण इतकी उघडी आणि वाचता येणारी रचना नंतर फारशी आली नाही.

आत एक एचटीएमएल पान, एक सीएसएस, एक जावास्क्रिप्ट, दोन-चार चित्रं आणि ‘गॅजेट डॉट एक्सएमएल’ नावाची मॅनिफेस्ट फाइल. मॅनिफेस्टमध्ये आधी ओळखपत्र: नाव, आवृत्ती, लेखक, हक्क, वर्णन, आयकॉन. मग ‘होस्ट’ हा टॅग. त्याच्या पोटात गॅजेट कोणत्या एचटीएमएल पानापासून सुरू करायचं, कोणत्या आवृत्तीची एपीआय (गॅजेटला वापरता येणाऱ्या तयार आज्ञांचा संच) लागते, परवानगी कोणती, आणि गॅजेट ओढून नेताना कोणतं चित्र दाखवायचं, इतकंच. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली की नावात आणि वर्णनात देवनागरी बिनदिक्कत चालायची.

बाकीचं काम वेबपानाचंच. बॉडीला रुंदी आणि उंची स्पष्ट लिहून द्यावी लागे. व्हिस्टाच्या पट्टीत बसवलेल्या गॅजेटसाठी १३० पिक्सेलची रुंदी धरत. पट्टीतून बाहेर ओढल्यावर मोठं रूप दाखवायचं तर स्क्रिप्टमध्ये तशी सोय करायची. सेटिंगचं वेगळं पान जोडायला एक ओळ पुरायची, बाजूला उघडणारा फ्लायआउट जोडायला आणखी दोन ओळी. विंडोज ७ ने २००९ मध्ये पट्टी काढून टाकली आणि गॅजेट डेस्कटॉपवर कुठेही ठेवता येऊ लागली. तरी मागे तीच ‘साइडबार’ नावाची प्रक्रिया चालत होती आणि मॅनिफेस्टही तसंच होतं.

या साधेपणाचं मोल मला फार वाटतं. व्हिज्युअल सी++ न शिकता, कंपायलरला हात न लावता, ज्याला एक वेबपान लिहिता येतं त्याला स्वतःच्या डेस्कटॉपसाठी एखादी उपयोगी वस्तू घडवता येत होती. नोटपॅड आणि एक संध्याकाळ एवढ्यावर काम व्हायचं.

भाषांचीही सोय नीट केलेली होती. गॅजेटच्या फोल्डरमध्ये भाषेच्या संकेतनावाचे उपफोल्डर ठेवता यायचे. विंडोज मराठीतून चालवणाऱ्याकडे साइडबार आधी ‘एमआर-आयएन’ हे फोल्डर शोधायचा, ते नसलं तर नुसतं ‘एमआर’, आणि काहीच नसलं तर शेवटी गॅजेटचं मूळ फोल्डर. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या गॅजेटमध्ये तर मॅनिफेस्टच भाषेच्या फोल्डरमध्ये असायचं. म्हणजे प्रत्येक भाषेसाठी वेगळं मॅनिफेस्ट आणि वेगळं पान देणं शक्य होतं. भाषांतर करणाऱ्याच्या दृष्टीने ही उत्तम रचना. तपासणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गॅजेटचं इंग्रजी रूप पाहिलं म्हणून मराठी रूप तपासून झालं, असं कधीच म्हणता येत नव्हतं.

रकाना एक, उत्तर एक

आता त्या टॅगकडे येऊ. होस्टच्या पोटात ‘परमिशन्स’ नावाचा टॅग असे. तो देणं सक्तीचं होतं, आणि त्यात शब्द एकच चालत असे: ‘फुल्ल’ (Full), म्हणजे पूर्ण मुभा. एखाद्या अर्जात ‘आपणास काय हवे?’ या रकान्यापुढे ‘सर्व’ हा शब्द आधीच छापून ठेवावा, तसं हे होतं.

दोन गॅजेट डोळ्यांसमोर आणा. एक मराठी तारीख आणि वार दाखवतं. त्याला संगणकाचं घड्याळ वाचण्यापलीकडे काही लागत नाही. नेट नको, फाइल नको, दुसरा प्रोग्रॅम सुरू करण्याची गरज नाही. दुसरं एका वृत्तपत्राच्या फीडमधून, म्हणजे संकेतस्थळ पुरवतं त्या ताज्या मजकुराच्या यादीतून, मथळे आणतं. त्याला एका पत्त्याशी बोलण्याची परवानगी पुरते. बाकी काही नको. दोघांच्याही मॅनिफेस्टमध्ये ओळ मात्र एकच: ‘फुल्ल’. मला कमी हवं आहे, हे प्रामाणिक लेखकाला सांगायचं असलं तरी सांगण्याची जागा नव्हती. आणि ज्याला खरोखर सगळं हवं होतं, त्याचं मॅनिफेस्ट या दोघांपेक्षा वेगळं दिसत नव्हतं.

‘फुल्ल’ म्हणजे नेमकं किती? गॅजेटचं पान इंटरनेट एक्स्प्लोररच्याच इंजिनावर चालायचं, पण ब्राउझरमध्ये परक्या संकेतस्थळाला जी कुंपणं असतात ती इथे नव्हती. साइडबार त्या पानाला स्वतःच्याच संगणकावरचं पान मानायचा. त्यातही दोन बंधनं मुद्दाम सैल केली होती: कोणत्याही पत्त्यावरून डेटा आणता येत होता, आणि संगणकावर आधीपासून असलेली कोणतीही अ‍ॅक्टिव्हएक्स वस्तू, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोडचा भाग, स्क्रिप्टमधून चालवता येत होती, ती वेबपानासाठी सुरक्षित म्हणून नोंदलेली असो वा नसो. फायली वाचणं-लिहिणं, दुसरा प्रोग्रॅम सुरू करणं हे सगळं जावास्क्रिप्टच्या एकेका ओळीचं काम झालं. शिवाय गॅजेटच्या स्वतःच्या एपीआयमध्येही प्रोग्रॅम किंवा फाइल उघडण्याची आज्ञा होतीच.

काहीच रोखलेलं नव्हतं असं मात्र नाही. गॅजेटला नवी अ‍ॅक्टिव्हएक्स वस्तू परस्पर उतरवून बसवता येत नसे. वापरकर्ता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असला तरी साइडबार साध्या वापरकर्त्याच्याच अधिकारांवर चाले, त्यामुळे विंडोजच्या मूळ फायलींना धक्का लावायचा तर परवानगीची खिडकी यायचीच. बचावात हा मुद्दा नेहमी मांडला जाई. पण माणसाची पत्रं, घरचे फोटो, हिशेबाची वही, ब्राउझरने लक्षात ठेवलेलं लॉगिन, हे सगळं साध्या वापरकर्त्याच्याच हद्दीत असतं. विंडोज पुन्हा बसवता येते, फोटो परत येत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम वाचवणारी भिंत या नुकसानीपुढे कामाची नव्हती.

सेटिंगचंही तेच. गॅजेटने जपून ठेवलेल्या निवडी वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या ‘सेटिंग्ज डॉट आयएनआय’ या एकाच साध्या मजकूर-फाइलमध्ये जात. ईमेल तपासणाऱ्या गॅजेटने पासवर्ड तिथे लिहिला, तर तो शेजारच्या हवामानाच्या गॅजेटलाही वाचता येणार.

ऑगस्ट २००७: बातमीतून आलेला कोड

गॅजेट वाईट माणसाने लिहिलेलं असेल तर ते घात करणार, हे उघड आहे. ते बसवताना चेतावणीची खिडकी यायची. प्रकरणाचा खरा गाभा दुसरीकडे आहे: चांगल्या माणसाने, चांगल्या हेतूने लिहिलेलं गॅजेट. व्हिस्टा बाजारात येऊन सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा १४ ऑगस्ट २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने एमएस०७-०४८ हे सुरक्षा पत्रक काढलं. त्यात दुरुस्त केलेली तीनही गॅजेट मायक्रोसॉफ्टची स्वतःची होती: फीडचे मथळे, संपर्क आणि हवामान. मथळ्यांच्या गॅजेटमध्ये दुष्ट हेतूने बनवलेल्या फीडची वर्गणी घेतली, किंवा संपर्कांमध्ये तशीच बनवलेली फाइल घातली, किंवा हवामानाच्या गॅजेटमधल्या तशा लिंकवर क्लिक केलं, तर हल्लेखोराचा कोड त्या संगणकावर चालू शकत होता.

हे घडतं कसं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. बातमीचं गॅजेट बाहेरून मजकूर आणतं आणि आपल्या पानात टाकतं. टाकण्याचे दोन मार्ग असतात. ‘इनरटेक्स्ट’ने टाकला तर तो अक्षरं म्हणूनच राहतो. त्यात टॅग असले तरी ते कंसासकट जसेच्या तसे दिसतात. ‘इनरएचटीएमएल’ने टाकला तर इंजिन त्याला मार्कअप म्हणून वाचतं. ठळक अक्षरं ठळक दिसतात, लिंक लिंक बनते, आणि चित्राच्या टॅगमध्ये ‘चित्र सापडलं नाही तर ही स्क्रिप्ट चालवा’ असं लिहिलेलं असेल तर ती स्क्रिप्टही चालते. लेखकाला फक्त मथळा ठळक दाखवायचा असतो, म्हणून तो दुसरा मार्ग घेतो. ब्राउझरमधल्या वेबपानावर ही चूक झाली तर नुकसान त्या एका संकेतस्थळापुरतं राहतं. गॅजेटमध्ये तीच चूक झाली की बाहेरून आलेल्या मजकुराला मॅनिफेस्टमधलं ‘फुल्ल’ वारशाने मिळतं. एका मथळ्याला फाइल पुसण्याचा अधिकार मिळाला तो असा.

यात त्या काळच्या नेटचीही भर होती. बहुतेक फीड साध्या एचटीटीपीवरून यायचे. मथळे देणारं संकेतस्थळ कितीही भरवशाचं असलं तरी वाटेत, एखाद्या कॅफेच्या खुल्या वायफायवर, मजकूर बदलणं कुणालाही शक्य होतं. म्हणजे विश्वास फक्त गॅजेटच्या लेखकावर आणि वृत्तपत्रावर ठेवून भागत नव्हतं. मधल्या प्रत्येक तारेवर ठेवावा लागत होता.

पत्रकाने तीन गॅजेट दुरुस्त केली. साच्याला हात लागला नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या लोकांच्या हातून जी चूक झाली, ती बाहेरच्या हौशी लेखकांच्या हातून होणार नाही असं मानायला काही आधार नव्हता, आणि त्यांच्या गॅजेटला विंडोज अपडेट पोचत नव्हतं. तरीही मॅनिफेस्टमधला तो रकाना पुढची पाच वर्षं तसाच राहिला. मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी संधी इथे गेली असं वाटतं. २००७ मध्ये बाहेरची गॅजेट त्यामानाने थोडी होती. ‘फुल्ल’च्या जोडीला ‘नेट’, ‘फाइल’, ‘काही नाही’ असे पर्याय तेव्हा आणले असते, तर जुनी गॅजेट मोडण्याची किंमत सोसण्याजोगी होती.

दुसऱ्यांनी काय केलं होतं

असं काही त्या काळी कुणाला सुचलंच नव्हतं, हे म्हणता येत नाही. अ‍ॅपलचा डॅशबोर्ड मॅक ओएस एक्स टायगरबरोबर एप्रिल २००५ मध्येच आला होता. त्याचंही विजेट म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि एक ‘इन्फो डॉट पीलिस्ट’. पण त्या फाइलमध्ये परवानग्या वेगवेगळ्या मागाव्या लागत: नेटवर्कसाठी एक नोंद, विजेटच्या बाहेरच्या फायलींसाठी दुसरी, टर्मिनलच्या आज्ञा चालवण्यासाठी तिसरी, प्लगइनसाठी चौथी, जावासाठी पाचवी. सगळं एकदम मागणारी नोंदही होती. न मागितलेलं मिळत नसे. तारीख दाखवणाऱ्या विजेटला यातली एकही ओळ लिहावी लागत नव्हती, आणि ती नसणं हेच त्याचं चारित्र्य सांगत होतं.

अ‍ॅपलचं सगळं नीट होतं असंही नाही. टायगर आल्यावर काही दिवसांतच सफारी उतरवलेली विजेट न विचारता बसवून टाकते हे लोकांच्या लक्षात आलं, आणि पहिल्याच दुरुस्तीत तिथे विचारणा घालावी लागली. पण तो दोष दारावरच्या पहाऱ्यातला होता. तो आठवड्यांत दुरुस्त झाला. परवानग्यांच्या भाषेला धक्का लागला नाही.

वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने विजेटसाठी ‘कॉन्फिग डॉट एक्सएमएल’चं प्रमाण सप्टेंबर २०११ मध्ये अंतिम केलं आणि नेटच्या परवानगीचं वेगळं प्रमाण फेब्रुवारी २०१२ मध्ये. त्यातला ‘अ‍ॅक्सेस’ टॅग मला आजही आदर्श वाटतो. विजेटला मुळात नेटवर कुठेही जाता येत नाही. ज्या पत्त्याशी बोलायचं तो पत्ता एकेक करून लिहायचा. बातमीच्या गॅजेटला हवी होती ती अगदी हीच ओळ. विजेट म्हणून हे प्रमाण फार चाललं नाही, पण त्याची फाइल पुढे फोनगॅप आणि कॉर्डोव्हामध्ये मोबाइल अ‍ॅपसाठी वापरात आली. तिथे बराच काळ नव्या प्रकल्पाच्या तयार साच्यातच ‘अ‍ॅक्सेस’च्या पत्त्यात तारका घातलेली मिळायची, म्हणजे कुठेही जा. साचा बदलायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. प्रमाणाने बंद ठेवलेलं दार त्या एका तारकेने उघडं राहिलं. भाषा कितीही बारकाईची असली तरी नमुना फाइलमध्ये जे लिहिलेलं असतं तेच जगभर पसरतं, हे या प्रकरणाइतकंच महत्त्वाचं आहे.

जुलै २०१२

गॅजेटची अधिकृत गॅलरी ऑक्टोबर २०११ मध्येच बंद झाली होती. लोक मग जिथून मिळेल तिथून गॅजेट उतरवू लागले, म्हणजे परिस्थिती आधीपेक्षा बिघडली. जुलै २०१२ च्या शेवटी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत मिकी श्काटॉव्ह आणि टोबी कोहलेनबर्ग या दोघा सुरक्षा संशोधकांचं गॅजेटवरचं सादरीकरण व्हायचं होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधीच सूचना काढली आणि तिच्यात या दोघांचे आभार मानले. सूचनेचा रोख एखाद्या विशिष्ट गॅजेटवर नव्हता. असुरक्षित गॅजेटमुळे साइडबार कोणताही कोड वापरकर्त्याच्या अधिकारांनी चालवू शकतो, म्हणून साइडबारच बंद करावा, असं ती सांगत होती.

इतका टोकाचा उपाय का, यावर तेव्हा पुष्कळ लोक चिडले. आवडीचं घड्याळ गेलं, प्रोसेसरचा काटा गेला. त्यांचं वाईट वाटणं मला समजतं, पण २०१२ मध्ये दुसरा मार्ग उरला होता असं मला वाटत नाही. पाच वर्षं जगभरच्या लेखकांनी ‘फुल्ल’ गृहीत धरून कोड लिहिला होता. कुणी अ‍ॅक्टिव्हएक्समधून बॅटरीची माहिती काढत होता, कुणी रजिस्ट्री वाचत होता, कुणी परक्या पत्त्यावरून स्क्रिप्ट आणत होता. आता एकदम ‘जे मागाल तेवढंच’ हा नियम लावला असता तर बहुतांश गॅजेट मोडली असती. आणि जुन्यांना सूट दिली असती तर हल्लेखोराने आपलं गॅजेट जुनं म्हणून सादर केलं असतं. कमी मागण्याची सोय पहिल्या आवृत्तीत नसेल तर ती नंतर शिवून देता येत नाही.

आजच्या फायलींकडे पाहताना

विंडोज ११ मध्ये विजेट परत आली, आणि २०२२ च्या अखेरीस विंडोज अ‍ॅप एसडीके १.२ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या संचाबरोबर बाहेरच्या लेखकांनाही ती बनवता येऊ लागली. इथली मांडणी ‘अ‍ॅडॅप्टिव्ह कार्ड’ नावाच्या जेसन (माहिती लिहिण्याची एक मजकूर-पद्धत) साच्यात लिहितात: मजकुराचा तुकडा, चित्र, स्तंभ, बटण. साच्यात स्क्रिप्ट लिहिण्याची जागाच नाही. तर्क वेगळ्या, रीतसर पॅक केलेल्या अ‍ॅपमध्ये राहतो, आणि कार्ड रंगवण्याचं काम विंडोज स्वतः करते. त्यामुळे बाहेरून आलेला मथळा कार्डात कसाही टाकला तरी तो कोड होऊन उठत नाही. २००७ च्या पत्रकातली तीनही प्रकरणं या रचनेत त्या वाटेने घडू शकली नसती. बदल्यात नोटपॅड आणि एका संध्याकाळीत विजेट करण्याचा काळ मात्र संपला. विजेट पॅनेलमध्ये राहतं, हवं तसं हलतं-डुलतं घड्याळ काढणं अवघड, आणि सुरुवात करायलाच अ‍ॅपची सगळी तयारी लागते. ही हानी खरी आहे आणि ती झाकून बोलू नये.

जुनी गॅजेट परत बसवून देणारे संच अजून मिळतात, आणि विंडोज ७ चे संगणकही कुठे कुठे चालू आहेत. ज्यांना गॅजेट नकोत त्यांनी ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या प्रशासकीय सेटिंगमधून, साइडबार बंद करावा. निदान सही नसलेली गॅजेट उघडू न देण्याचं धोरण तरी लावावं. ज्यांना एखादं हवंच आहे, त्यांनी ते बसवण्याआधी झिप म्हणून उघडून प्रत्येक भाषेच्या फोल्डरसकट वाचावं. मॅनिफेस्ट पाहून काही कळणार नाही, सगळीकडे ‘फुल्ल’च सापडेल. त्यामुळे स्क्रिप्टमध्येच शोध घ्यावा लागतो: ‘अ‍ॅक्टिव्हएक्सऑब्जेक्ट’, ‘इनरएचटीएमएल’, ‘इव्हॅल’ (मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा) आणि एचटीटीपीने सुरू होणारा प्रत्येक पत्ता. तारखेच्या गॅजेटमध्ये यांतलं एकही सापडायचं कारण नाही. सापडलं, तर ते बसवू नका.